वाळू जिथे थांबते

मंगळवार, ३

ही वही साळूची. शिवणकामाची मापे लिहायला तिने आणली होती, मापांची पुढची चार पाने फाडून उरलेली वही मला दिली. घरात माणसे दोन, त्यातले एक बोलत नाही. तेव्हा उरलेल्याने निदान वहीशी तरी बोलावे, असा तिचा हेतू असावा.

साळू माझी मुलगी. लहानपणी तोंडाचा पट्टा क्षणभर थांबत नसे, म्हणून तिच्या आईने साळुंकीवरून हे नाव पाडले. दोन वर्षांपूर्वी गळ्यातली गाठ काढली आणि आवाज फाटला. एकदा फोनवर कापडवाला तिला ‘बोला दादा’ म्हणाला. फोन तिने माझ्या हातात दिला तो कायमचा. आई त्याच्या आधीच देवाघरी गेली होती. एका अर्थी बरे झाले, हे तिला ऐकवले नसते.

आज दालनात नवे काम आले. मी ज्या कलादालनाची देखभाल करतो ते पूर्वी धान्याचे गोदाम होते. जाड भिंती, उंच छप्पर, फरशी मात्र नंतर घातलेली. चित्रकार बाई सामान घेऊन आल्या. चित्रकार म्हणायचे, पण रंग नाही की कुंचला नाही. जेवायच्या टेबलाएवढा चौकोनी पितळी पत्रा, त्याला चार पाय, पोटाशी स्पीकर. वरून एक कॅमेरा खाली पाहतो आणि त्याला दिसेल ते मागच्या पांढऱ्या भिंतीवर मोठे होऊन पडते.

बाईंनी पत्र्यावर मूठभर बारीक वाळू पसरली, माझ्यापुढे माइक धरला.

“बोला काका.”

“काय बोलू?”

“काहीही. जे तोंडात येईल ते.”

मी देवाचे नाव घेतले. दुसरे काय येणार? नाव लांबवले तशी वाळू दचकली, धावली आणि रेषांत उभी राहिली. भिंतीवर मोठ्ठे फूल उमटले. श्वास संपला तसे मोडले.

“हा तुमच्या आवाजाचा चेहरा,” बाई म्हणाल्या.

शाळेत आमचे मास्तर पाटी आपटून म्हणत, ऐकू येते ते कानाने ऐका, दिसते ते डोळ्यांनी पाहा, गोंधळ घालू नका. मास्तर आज असते तर त्यांचाच गोंधळ झाला असता.

शुक्रवार, ६

माझे काम आता ठरले आहे. दालन उघडण्याआधी झाडलोट, मग वाळू चाळायची, मग पत्रा समतल करायचा. त्यासाठी बाईंनी पाणसळ दिली आहे, गवंडी वापरतात ती बुडबुड्याची पट्टी. बुडबुडा मधोमध हवा. पत्रा थोडा जरी कलला तरी वाळू घरंगळते आणि चित्र खोटे पडते. आज मागच्या भिंतीकडचा पाय थोडा खाली वाटला. त्याखाली लाकडाची बारीक पाचर सारली. बुडबुडा जागेवर आला.

बाई कामात असल्या की त्यांना विचारलेले आवडते. मी विचारले, आवाज वाळूला ढकलतो, मग वाळू रेषेत का थांबते?

“पत्रा सगळीकडे थरथरत नाही, काका. मध्ये मध्ये काही जागा गप्प असतात. वाळू हाकलली जाते आणि तिथे जाऊन बसते.”

म्हणजे आपण पाहतो ते आवाजाचे चित्र नव्हेच. आवाज जिथे नाही, त्या जागांचे आहे. दिवसभर हेच डोक्यात घोळत राहिले. प्रार्थनेला बसलो की माझ्याही मनात असाच गदारोळ असतो. त्यात एखादी गप्प रेषा सापडते, तिथे देव असावा.

शेजारच्या रिकाम्या जागेत मोठा खड्डा खणताहेत. पंप दिवसरात्र पाणी उपसतो. बाई वैतागतात, त्यांना शांतता हवी.

सोमवार, ९

तोच पाय पुन्हा खाली. शनिवारीही पाचर घातली होती, आज आणखी एक. फरशी नंतरची आहे, तिचे काही खरे नाही. दर्शनी दारही घासू लागले. दमट हवेने लाकूड फुगते. रंधा आणून कड उतरवली, आता लोण्यासारखे लागते.

दुपारी बाईंनी हाक मारली. “काका, चित्रात मध्येच ही रेघ कुठून येतेय?”

पाहिले तर भिंतीला केसासारखी चीर. फुलाच्या ऐन मध्यातून जात होती. पुट्टी भरली, घासली, वर पांढरा हात मारला. बाई म्हणाल्या, “तुमच्या हातात जादू आहे हो!” उगाच संकोचलो, पण बरे वाटले.

तरी मनात राहू नये म्हणून व्यवस्थापक साहेबांच्या कानावर घातले. पाय खाली जातो, दार घासते, चीर पडली. त्यांनी फोनवरून मान वर केली.

“इमारतीचं वय काय?”

“माझ्या आजोबांच्या आधीची असेल.”

“मग कुरकुरणारच की! तुमचे गुडघे वाजत नाहीत? म्हणून काय तुम्हाला पाडायचं का आम्ही?”

दोघेही हसलो. मोठ्या माणसाने पाहिले आहे म्हटल्यावर आपण कशाला जिवाला घोर लावून घ्यायचा.

गुरुवार, १२

आज साळूला नेले. किती दिवस टाळत होती. दालन बंद व्हायची वेळ, बाई आणि आम्ही दोघेच. बाईंनी आग्रह केला नाही, नुसता माइक तिच्याजवळ ठेवला आणि पाठ करून वायरी गुंडाळत बसल्या. शहाणी बाई.

साळू पत्र्याकडे पाहत उभी राहिली. मग तिने तोंड उघडले. शब्द नव्हता, नुसता ‘आ’. तो तसाच फाटका, खरखरीत, कौलावरून मडके ओढावे तसा. माझी नजर खाली गेली. बाईंचा श्वास अडकलेला ऐकू आला तेव्हा वर पाहिले.

माझ्या आवाजाचे फूल आठ पाकळ्यांचे असते. गाणारी एक मुलगी आली होती, तिचे चांदणीसारखे होते. साळूचे मोजता येईना. रेषेत रेषा, जाळीत जाळी, कडेला बारीक झालर, आणि सगळे एकाच वेळी हलते आणि स्थिरही.

“कसं काय?” मी विचारले.

बाई म्हणाल्या, “गोड आवाज एकच सूर असतो, काका. हिच्या गळ्यात शंभर आहेत, म्हणून खरखर वाटते. कानाला जे तुटलेलं वाटतं ते डोळ्याला असं दिसतं.”

साळू किती तरी वेळ भिंतीपाशी उभी होती. स्वतःकडेच पाहत होती. घरी येताना बसमध्ये कंडक्टरला तिने स्वतः सांगितले, “दोन द्या.” त्याने वळून पाहिले. तिने नजर खाली घातली नाही.

बाईंना उद्घाटनाला, २१ तारखेला, तिचाच आवाज हवा आहे. सगळ्यांसमोर. मी देवापुढे बसून रडलो, हे इथे लिहायला हरकत नाही.

रविवार, १५

आज जे पाहिले ते जसेच्या तसे लिहितो.

रविवारी दालन बंद असते. शेजारचे कामही बंद, पंपसुद्धा थांबलेला. मी वाळू पसरून पत्रा समतल करून ठेवावा म्हणून गेलो. दोन पाचरी लागल्या. वाळू चाळताना चाळणीत चुन्याचे बारीक खडे निघाले. कुठून येतात कळत नाही, रोज निघतात. वाळू पसरली आणि स्टुलावर टेकलो. स्पीकरची वायर बाईंनी काढून ठेवलेली, मी स्वतः पाहिली.

वाळू हलली.

आधी वाटले, माझा श्वास लागला. श्वास रोखला. तरी कण सरकत होते, मुंग्या सरकाव्यात तसे, आणि हळूहळू एक लांब वाकडी रेघ झाली, भिंतीच्या बाजूने कोपऱ्याकडे गेलेली. फूल नव्हे, चांदणी नव्हे. दालनात टाचणी पडली तरी ऐकू यावे अशी शांतता. मी हात जोडले. कोण बोलत होते?

बाईंना फोन केला. त्या धावत आल्या, पत्र्यापाशी गुडघ्यांवर बसल्या, त्यांचे डोळे भरून आले. “हे तर आपल्याला ऐकूच येत नाही असं काहीतरी ऐकतंय, काका! मी इतकी वर्षं हेच शोधत होते.” त्यांनी चित्रण करून ठेवले. ही रेघही आता प्रदर्शनात असणार आहे, शेजारच्या छोट्या पडद्यावर.

साळूला सांगितले. ती शिवता शिवता थांबली.

“पंप बंद होता?” तिने विचारले.

“बंद.”

तिने सुई कापडात खोचून ठेवली. तीही भारावली असावी.

बुधवार, १८

आज मन खट्टू झाले. साळू सरावाला आली, पण माइककडे गेलीच नाही. मागच्या भिंतीला हात लावून उभी. मग गाल टेकवला. लहानपणी आजारी आईच्या छातीला असाच कान लावायची. तिने पाचरींकडे बोट केले.

“किती झाल्या?”

“असतील पाच-सहा. हे बघ, रोज मी नीट बसवतो. एक घालतो, दुसरी—”

“एकाच पायाखाली?”

“फरशी नंतरची आहे गं.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. गाठ काढायच्या आधी डॉक्टरांकडे पाहायची तशी. “बाबा, ही भिंत बरी नाही. मला इथे यायचं नाही.”

इतके लांब वाक्य तिने कित्येक महिन्यांत उच्चारले नव्हते. मला ते ऐकूनच इतका आनंद झाला की वाक्यात काय होते तिकडे लक्षच गेले नाही. बाहेर पायरीवर बसल्यावर समजावू लागलो. लोकांसमोर उभे राहायची भीती कुणाला नसते. शाळेत प्रार्थना म्हणायला मला पुढे उभे केले तेव्हा मीही पहिलीच ओळ विसरलो होतो. भिंत, फरशी या सबबी मीही त्या दिवशी शोधल्या असत्या.

“तसं नाही, बाबा.”

“साहेबांनी पाहिलंय सगळं. एवढी शिकलेली माणसं येतात इथे, त्यांना काही दिसत नाही, आणि तुलाच दिसतं?”

मला माझाच राग आला. मग म्हणालो, “बरं, माझ्यासाठी ये. एकदाच. तुझी आई असती तर तिने पहिल्या रांगेत बसून बघितलं असतं.”

आईचे नाव काढायला नको होते. पण तिने मान हलवली. येईन म्हणाली. एकच अट घातली, “मी आत असेपर्यंत मोठं दार उघडं ठेवायचं. तुम्ही दारात उभं राहायचं. शब्द द्या.”

“हात्तिच्या! एवढंच ना?”

शब्द दिला.

शुक्रवार, २०

उद्याची तयारी झाली. बगलेचे दार आज उघडलेच नाही. खांदा लावला, लाथही मारली, देव क्षमा करो. साहेब म्हणाले, “राहू दे, काळा पडदा सोडा त्याच्यावर, तेवढंच छान दिसेल.” पडदा सोडला. खरेच छान दिसते.

चीर परत आली होती, आता तिच्यात नख जाते. भरली. सकाळी पुसायच्या बादलीतल्या पाण्यावर बारीक वर्तुळे उठत होती, एकात एक. पंप चालू होता, त्यामुळे असेल. बराच वेळ पाहत बसलो. पाण्यावरही चित्रे येतात हे बाईंना सांगायला हवे.

पाचरी संपल्या. सुताराकडून एक जाड पाचर आणून ठेवली आहे, उद्यासाठी ती पुरे.

मन का कोण जाणे थाऱ्यावर नाही. प्रार्थनेत नाव अडखळले. एवढे मागतो, देवा, माझ्या मुलीचे हसे होऊ देऊ नकोस.

शनिवार, २१

फजिती झाली आणि ती माझ्यामुळे झाली.

पाच वाजता दालन भरले. चांगले कपडे, अत्तरे, हळू आवाजातले बोलणे. साहेबही होते. मी पत्रा समतल केला, जाड पाचर पायाखाली सारली, बुडबुडा मधोमध. साळू तिच्या आईची निळी साडी नेसून आली होती. आत येताना तिने आधी दाराकडे आणि मग माझ्याकडे पाहिले.

बाई जवळ येऊन कुजबुजल्या, “काका, दार लावा. बाहेरचा आवाज आला तर चित्र फुटेल.”

“बाई, मी पोरीला शब्द दिलाय.”

“दोन मिनिटांचा प्रश्न आहे हो.”

मी दार लोटले. साळूच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती माइकपासून एक पाऊल मागे सरली. मला ते पाहवेना. दार परत उघडले, तर ते आपोआप मिटू लागले. दहा-बारा दिवसांपूर्वी घासणारे दार आज हात न लावता बंद होत होते! रंधा जास्त झाला असावा. अडवायला काही हवे होते. आजूबाजूला काही दिसेना. मग पत्र्याच्या पायाखालची जाड पाचर आठवली. बाई पाहुण्यांशी बोलत होत्या. मी वाकून पाचर काढली आणि दाराखाली ठोकली. मनाशी म्हटले, दोन मिनिटे तर आहेत, तेवढ्यात पत्रा कितीसा कलणार?

साळूने ‘आ’ लावला. जाळी उमटू लागली. लोकांच्या तोंडून ‘वा’ निघाले. आणि जाळी सरकली. सगळीच्या सगळी वाळू भिंतीकडच्या कोपऱ्याला वाहू लागली, भिंतीवर तो प्रकार घराएवढा मोठा दिसत होता, आणि सर्रकन् धार जमिनीवर पडली. पत्रा कोरा.

कुणीतरी हसले. बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

साळूने मात्र पत्र्याकडे पाहिले नाही, फरशीकडे पाहिले. माइक तोंडाशी घट्ट धरून ती ओरडली, “बाहेर चला! सगळे बाहेर चला! चला!” असला आवाज मी तिचा आयुष्यात ऐकला नाही. स्पीकर फुटतोय असे वाटले. एका म्हाताऱ्या बाईंना तिने दंडाला धरून अक्षरशः ओढत दारापर्यंत आणले. बाकीचे एकमेकांकडे पाहत, काही हसत, मागोमाग अंगणात आले. कोरा पत्रा आत, आम्ही बाहेर.

मग टाळ्या सुरू झाल्या.

त्यांना वाटले, हाच कार्यक्रम. एक दाढीवाले गृहस्थ साहेबांना सांगत होते, “चित्र पुसून टाकलं आणि आवाजाने प्रेक्षकालाच हलवलं, वाळूसारखं! काय कल्पना आहे!” साहेब मान डोलावत होते. बाईंचा राग टाळ्यांत विरघळला. साळू हात हलवून नाही-नाही म्हणत होती, पण तोंडातून नुसती हवा. आवाज गेलेला. तिने साहेबांची बाही ओढून भिंतीकडे बोट दाखवले. साहेबांनी तिच्याशी हात मिळवला.

जाताना बाई म्हणाल्या, “उद्या पुन्हा, काका. रविवार असला तरी दालन उघडं ठेवतोय, आजच्या दुप्पट लोक येणार आहेत. पण आधी चित्र पूर्ण दिसू दे, मग तिने बोलवावं बाहेर. पत्रा तेवढा सकाळी लवकर येऊन पक्का करा. आजच्यासारखं नको.”

नोकरीवरून काढले नाही, हीच मोठी कृपा.

घरी साळूने कागदावर लिहिले, ‘पुन्हा जायचे नाही. तुम्हीही नाही.’ खाली दोन रेघा ओढल्या. हसे झाले म्हणून दुखावली आहे. तिला म्हटले, अगं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने कागद चुरगळून फेकला आणि तोंड फिरवून निजली.

रविवार, २२, सकाळ

उजाडते आहे. दालनाच्या किल्ल्या खिळ्यावर नव्हत्या. घरभर शोधल्या. शेवटी साळूच्या उशीखाली सापडल्या, तिची बोटे त्यांवर होती. लहानपणी मी कामाला जाऊ नये म्हणून चपला लपवायची, त्याची आठवण झाली. एक एक बोट हळूच सोडवले. जागी झाली नाही. काल बिचारी फार ओरडली.

मला तिचे दुःख समजते. ते माझ्या चुकीने झाले, आणि मीच ते निस्तरणार. आज पाचरीवर भिस्त ठेवणार नाही. सुताराने रात्रीच सागाचा ठोकळा दिला आहे. भिंतीकडच्या पायाखाली तो घालायचा म्हणजे खाली आडवे पडून हातोड्याने चांगला ठोकावा लागेल. वेळ लागला तरी चालेल. आज एकटाच आहे, कुणाची घाई नाही. दारालाही काही अडवायची गरज नाही. लावूनच घेईन, म्हणजे शांतपणे काम होईल. बुडबुडा मधोमध आणल्याशिवाय उठायचे नाही.

प्रार्थना झाली. आज नाव अडखळले नाही.

साळू तशीच निजली आहे, हात उशीखाली, मूठ रिकामी. तिच्यासाठी दूध तापवून झाकून ठेवले आहे. आता चपला हातात घेऊन निघतो. दाराचाही आवाज होऊ देणार नाही.